पायलटला कॉकपिट शिकवता, रॅम्प कधी शिकवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हजारो तास विमान उडवलेला पायलट नोकरी बदलून दुसऱ्या कंपनीत गेला की त्याला परत ट्रेनिंगला बसवतात, शेजारी दुसरा कॅप्टन बसून त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि हा सगळा वेळेचा अपव्यय आहे, विमान तेच आहे ना मग लावा की लगेच कामाला. बाहेरून बघणाऱ्याला हा प्रश्न पडणारच, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी स्वतः बावीस वर्षं विमान चालवतोय, दोन वेळा कंपनी बदललीय आणि आता नवीन आलेल्या पायलटांना लाइन ट्रेनिंग (प्रवासी घेऊन उडताना दिलेलं ट्रेनिंग) देतो, म्हणजे तो शेजारी बसणारा कॅप्टन मीच, त्यामुळे मला वाटलं की आतली बाजू लिहावी. आणि खरं सांगायचं तर मला त्या पत्राच्या बरोबर उलटं म्हणायचंय, ट्रेनिंग जास्त नाही होत, एका जागी, म्हणजे विमान जिथे उभं असतं त्या रॅम्पवर, ते फारच कमी होतं.

आधी हे समजून घ्या की विमान वेगळं असेल तर उलट सोपं जातं. बोइंगवरून एअरबसवर गेलात की सगळंच नवं, दोन पायांमध्ये असलेलं कंट्रोल जाऊन बाजूला साइडस्टिक येते, मग डोकं आपोआप जागं राहतं, पाटी कोरी करून माणूस शिकायला बसतो. खरी पंचाईत होते ती विमान तेच आणि कंपनी वेगळी असते तेव्हा. सीट तीच, बटणं तीच, समोरचे स्क्रीन तेच, त्यामुळे मेंदूची समजूत होते की आपण आपल्याच घरात आहोत आणि हात जुन्या घरातल्यासारखे अंधारातसुद्धा चालायला लागतात. पण या घरातली भांडी वेगळ्या फडताळात आहेत.

काय वेगळं असतं असं विचाराल तर बरंच काही. विमान कसं उडवायचं ते बनवणारी कंपनी सांगते, पण ते कामाला कसं लावायचं हे प्रत्येक एअरलाइन आपल्या एसओपीत ठरवते, म्हणजे स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजरमध्ये. चेकलिस्ट कोण मागणार, कोण वाचणार, उत्तर एकाने द्यायचं की दोघांनी, इंजिन पुशबॅक (विमान मागे ढकलणं) चालू असताना सुरू करायचं की ढकलणारा टग (ट्रॅक्टर) थांबल्यावर, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्या) जागेवरच लावायचे की टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालत रनवेकडे जाताना, इंधन वाचवायला एका इंजिनवर टॅक्सी करायची की नाही आणि केली तर दुसरं कधी सुरू करायचं. टेकऑफच्या धावेत स्पीड मोठ्याने सांगायचा असतो, बोइंगवाल्यांची सवय ८० नॉट्सला आणि एअरबसवाल्यांची १०० नॉट्सला. तो आकडा म्हणजे कॅप्टनसाठी एक रेघ असते, रेघेच्या अलीकडे थोडंसं काही खटकलं तरी थांबायचं, पलीकडे गेल्यावर फक्त गंभीर गोष्टीसाठीच थांबायचं. आता दोघांच्या डोक्यात ती रेघ दोन जागी असेल तर त्या काही सेकंदांत कोण कुणाचं ऐकणार?

म्हणून युरोपच्या नियमांत तर स्पष्टच आहे की पायलटकडे त्याच विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची परवानगी, असली तरी कंपनी बदलली की ऑपरेटर कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे नव्या कंपनीच्या पद्धती शिकण्याचा कोर्स, करावाच लागतो. हे कुणाच्या लहरीने आलेलं नाही. चेकलिस्टचा इतिहासच बघा ना, ३० ऑक्टोबर १९३५ ला बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान अमेरिकेत राइट फील्डवर चाचणीच्या वेळी पडलं, कारण काय तर जमिनीवर वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात ते काढायचं राहिलं होतं. वैमानिक नवशिका नव्हता, चांगला कसलेला माणूस होता. त्यानंतर पायलटांच्या हातात लेखी यादी आली. आणि ३१ मे २०१४ ला, म्हणजे जवळजवळ ऐंशी वर्षांनी, अमेरिकेतच बेडफर्डला एक खासगी जेट तसंच लॉक न काढता टेकऑफच्या धावेला निघालं आणि सात जण गेले. तपासात रेकॉर्डर तपासला तर त्या पायलटांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोलची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. यादी होती, वर्षानुवर्षं होती, पण हातांनी तिला कधीच निरोप दिला होता आणि त्या दोघांना बाहेरचं कुणी बघत नव्हतं. शेजारी बसणारा तिऱ्हाईत कॅप्टन कशाला लागतो याचं याहून स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही.

फ्लॅप्सचंही तसंच, डेट्रॉइटला १६ ऑगस्ट १९८७ ला फ्लॅप्स न लावता विमान निघालं, १५६ माणसं गेली, टॅक्सी करतानाची चेकलिस्ट झालीच नव्हती कारण मधेच रनवे बदलला, वळण चुकलं, आणि जी गोष्ट ज्या वेळेला करायची सवय होती ती वेळच हातातून निसटली. पुढच्या वर्षी डॅलसला तीच चूक, २००८ मध्ये माद्रिदला पुन्हा तीच, तिथे १५४. सवय ही वेळेला आणि जागेला बांधलेली असते, हे मी माझ्या प्रत्येक नवीन पायलटला सांगतो. तुम्ही काम विसरत नाही हो, ते काम आठवून देणारी खूण हरवते. आणि कंपनी बदलली की पहिल्यांदा काय बदलतं तर या खुणाच.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं पोचणार नाही.

दुसऱ्या कंपनीत जाऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. रात्रीची वेळ, पाऊस लागलेला, पार्किंगच्या जागेला किंचित उतार. विमान लावलं, पार्किंग ब्रेक लावला, इंजिनं बंद केली, बीकन (विमानाचा लुकलुकणारा लाल दिवा) बंद केला. माझ्या जुन्या कंपनीत पद्धत अशी होती की खालचा माणूस आधी नोज व्हीलला, म्हणजे पुढच्या चाकाला, चॉक (चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर) लावायचा आणि मगच हेडसेटची पिन विमानाला जोडून बोलायचा. म्हणजे दहा वर्षं माझ्या कानात ती पिन लागल्याचा जो टक असा आवाज यायचा त्याचा अर्थच चॉक लागले असा होता, आणि तो आवाज आला की ब्रेक गार व्हावेत म्हणून मी पार्किंग ब्रेक सोडायचो. नव्या कंपनीत उलटं. आधी पिन जोडायची, बोलणं सुरू करायचं, मग चॉक, मग खालून 'चॉक्स इन' असं ऐकल्यावरच ब्रेकला हात लावायचा. मला हे माहीत होतं, ट्रेनिंगच्या स्लाइडवर वाचलं होतं, खाली सही पण केली होती.

कानात टक वाजलं आणि माझा हात गेला. मी विचार केला आणि चुकलो असं नाही, विचार झालाच नाही. विमान वीतभर पुढे सरकलं असेल, जास्त नाही, को-पायलट ओरडली "ब्रेक!" आणि मी तो परत लावला. हेडसेटवर काही क्षण नुसता पावसाचा आवाज येत होता, मग खालून एक पोरसवदा आवाज आला, "सर, चॉक अजून माझ्या हातात आहे." तो नोज व्हीलच्या पुढ्यात वाकलेला होता. साठ-पासष्ट टनांचं विमान, एक वीत, आणि मधे त्याचे हात.

प्रवासी उतरेपर्यंत मला जागेवरून उठवत नव्हतं. मग खाली गेलो, त्याची माफी मागितली, तो म्हणाला काही झालं नाही सर, पण त्याचा चेहरा मी अजून विसरलो नाही. रात्रीच रिपोर्ट लिहिला, काहीही न लपवता, जुन्या कंपनीत खूण काय होती आणि इथे काय आहे हे सुद्धा लिहिलं. पंधरा दिवसांनी कंपनीकडून उत्तर म्हणून एक सर्क्युलर आलं की सर्व पायलटांनी चॉकसंबंधीची प्रोसिजर काटेकोर पाळावी, वाचून सही करावी. बस. जी स्लाइड आधी वाचली होती तीच परत वाचायला दिली.

संपादक महाशय, माझी तक्रार इथेच आहे. कॉकपिटच्या बाबतीत कंपन्या जीव ओतून शिकवतात, सिम्युलेटरमध्ये (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) इंजिनाला आग लावतात, एक इंजिन बंद करतात, दर सहा महिन्यांनी परीक्षा घेतात, आणि हे सगळं योग्यच आहे. पण रॅम्पवर, म्हणजे विमान जिथे उभं असतं, ढकललं जातं, भरलं-उतरवलं जातं त्या जागी, नव्या पायलटला काय शिकवतात? तासाभराची स्लाइड आणि एक सही. सिम्युलेटर सुरू होतो तेव्हा विमान बहुतेक वेळा रनवेच्या तोंडाशीच उभं असतं! पुशबॅक करणारा टग तिथे नसतो, हेडसेटवाला म्हणजे मागे बसलेला इन्स्ट्रक्टरच, आणि पावसात वाकलेला मुलगा तर कुठल्याच सिम्युलेटरमध्ये नसतो.

रॅम्पवरच्या गोष्टी क्षुल्लक असतात असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. विमानाच्या पोटावरचा आणि पाठीवरचा लाल बीकन लुकलुकत असला की खालच्या माणसांसाठी त्याचा अर्थ एकच, लांब राहा. तो कधी लावायचा यात कंपन्यांचे बारीक फरक आहेत, कुणी दारं बंद झाली आणि टग जोडला की लावतं, कुणी पुशबॅकची परवानगी मिळाल्यावर. एका पद्धतीतून दुसरीत गेलेला कॅप्टन जर तो उशिरा लावायला लागला तर खालच्या माणसाला जी दोन मिनिटं धोक्याची म्हणून कळायला हवी होती ती कळतच नाहीत. नोज व्हीलला एक बायपास पिन असते, लाल पट्टी लटकत असते तिला, ती लावली की कॉकपिटमधून पुढचं चाक वळत नाही, कारण ते अचानक वळलं तर टगचा दांडा कुणाच्या तरी नडगीवर बसेल. पुशबॅक झाला की हेडसेटवाला बाजूला जाऊन ती पिन हातात वर धरून दाखवतो आणि अंगठा करतो. मी तेव्हा माणसं मोजतो, तीन गेली होती खाली तर तीन बाहेर आलेली दिसायला हवीत, त्याशिवाय माझा टॅक्सी लाइट लागत नाही. मार्शलरचे (विमानाला खुणा करून जागेवर आणणाऱ्याचे) हातवारे आयसीएओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, अ‍ॅनेक्स २ मध्ये जगभरासाठी ठरवलेले आहेत, पण हेडसेट वापरायचा की नुसते हातवारे, कुठलं वाक्य कुणी आधी बोलायचं, एक ऐकू आलं नाही तर काय करायचं, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, आणि त्यातून खाली काम करणारी माणसं बऱ्याचदा तिसऱ्याच ग्राउंड हँडलिंग कंपनीची, तीच टोळी सकाळपासून चार एअरलाइन्सची विमानं सांभाळतेय, चौघांच्या चार तऱ्हा. त्यांनी काय काय लक्षात ठेवायचं?

३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत माँटगोमेरी विमानतळावर रॅम्पवरची एक कर्मचारी चालू इंजिनात ओढली गेली. त्या विमानाचं एपीयू बंद पडलेलं होतं, म्हणजे शेपटातलं छोटं इंजिन जे जमिनीवर वीज देतं ते, त्यामुळे बाहेरून वीज जोडेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं ठरलं होतं. खालच्या लोकांना विमान येण्याआधी बैठक घेऊन हे सांगितलं होतं, एकदा नाही दोनदा. कॉकपिटची खिडकी उघडून सुद्धा सांगायचा प्रयत्न झाला. बीकन चालू होता. सगळं सांगून झालं होतं आणि तरी. मला त्या बाईंना एका शब्दाने दोष द्यायचा नाही, मला फक्त इतकंच दिसतं की रोज विमान आलं की इंजिन बंद होतं आणि आपण पुढे जातो ही पायांची सवय किती जबरदस्त असते, आणि सांगितलेली गोष्ट तिच्यापुढे किती तोकडी पडते. तासभराच्या स्लाइडचं काय घेऊन बसलात मग.

आणखी एक, २०१८ च्या जुलैमधलं ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं प्रकरण. त्या विमानतळावर कुंभारमाश्या पिटो ट्यूबमध्ये मातीची घरं करतात (पिटो ट्यूब म्हणजे हवेच्या दाबावरून स्पीड मोजणारी नळी), म्हणून उभ्या विमानाच्या नळ्यांना तिथे कव्हर घालायची पद्धत. एका मोठ्या एअरबस ए३३० च्या तिन्ही नळ्यांवर ती कव्हरं तशीच राहिली, खालून विमानाला चक्कर मारून बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटली, आणि विमान रात्री तसंच उडालं, स्पीड दिसत नाही अशा अवस्थेत. वैमानिकांनी ते सुखरूप परत आणलं, त्याबद्दल त्यांचं कौतुकच. पण मला यात शिकण्यासारखं वाटतं ते असं की ज्या गोष्टीची आपल्याला रोज सवय नाही, फक्त त्या एका ठिकाणी ती करतात, ती कागदावर असूनही नजरेला दिसत नाही. वॉकअराउंड करताना डोळे विमान बघत नाहीत, डोळे आपल्या आठवणीतलं विमान बघतात.

नासासाठी काम करणाऱ्या असाफ देगानी आणि अर्ल वीनर या दोघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर फार सुंदर काम केलंय. त्यांची मांडणी थोडक्यात अशी की कंपनीची आधी एक विचारसरणी असते, तिच्यातून धोरण येतं, धोरणातून प्रोसिजर आणि शेवटी माणसं प्रत्यक्षात जे करतात ते. आणि वरची कारणं खालपर्यंत पोचली नाहीत की लिहिलेलं एक आणि केलेलं एक असं होतं. मी स्वतः बघितलंय, नव्या पायलटला "आमच्याकडे असंच करतात" सांगितलं की तो मान डोलावतो आणि दबावाखाली जुनंच करतो. तेच जर सांगितलं की आपण इथे हेडसेट आधी जोडतो कारण चॉक लावणाऱ्या माणसाला काही झालं तर त्याला कॉकपिटशी बोलता यावं, तर ते त्याच्या गळी उतरतं. मला हे कारण कधी कळलं माहितीये? त्या रात्रीनंतर, खाली जाऊन त्या मुलालाच विचारल्यावर. आणि खरंच, त्या रात्री तो बोलू शकला तो त्यामुळेच. इतकं चांगलं कारण होतं आणि स्लाइडवर ते कुणी लिहिलं नव्हतं!

कंपन्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. पायलट ट्रेनिंगमध्ये असेपर्यंत कमाईच्या कामाला लागत नाही, रोस्टर ओढाताणीचं असतं, आणि रॅम्पवरची माणसं दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे त्यांचं ट्रेनिंग कुणाच्या खात्यावर हाही वाद असतो. तरी माझं मागणं फार मोठं नाही. नवीन आलेल्या प्रत्येक पायलटला, तो कितीही अनुभवी असू दे, पहिल्या फ्लाइटच्या आधी दोन दिवस रॅम्पवर उभं करा, पिवळं जॅकेट घालून, कानाला मफ लावून, मार्शलरच्या शेजारी, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. हेडसेट त्याच्या कानाला लावा आणि वरून कॅप्टन काय बोलतो, किती घाईत बोलतो, किती ऐकू येतं, ते त्याला तिथून ऐकू द्या. कंपनीचं मॅन्युअल लिहिताना प्रत्येक प्रोसिजरखाली एका ओळीत ती का आहे ते लिहा. जुन्या कंपनीत काय वेगळं होतं हे नव्या पायलटकडूनच पहिल्या दिवशी लिहून घ्या, म्हणजे हात कुठे कुठे फसणार आहेत त्याची यादी त्याच्या ट्रेनरकडे आधीच असेल. हे मी माझ्यापुरतं करतो, कोऱ्या कागदावर, आणि पहिल्या दहा फ्लाइट्स तो कागद माझ्या खिशात असतो. परवाच एका कॅप्टननी त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे बीकन को-पायलट लावायचा, इथे कॅप्टननी लावायचाय, आणि चौथ्या फ्लाइटला ते बरोबर तिथेच वाट बघत बसले.

आणि रॅम्पवरच्या मुलांनाही एकदा वर आणा. त्यांना कुणीच वर बोलवत नाही, वर्षानुवर्षं विमानाखाली काम करून कॉकपिट न बघितलेली माणसं आहेत. मी त्या मुलाला नंतर एकदा बोलावलं होतं, विमान रिकामं उभं होतं आणि पुढच्या फ्लाइटला वेळ होता. तो माझ्या सीटवर जपून बसला, कशालाही हात लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीवर धरून. पुढे बघितलं, डावीकडे बघितलं, मग काचेला कपाळ लावून खाली बघायचा प्रयत्न केला, बराच वेळ. नोज व्हील पायलटच्या सीटच्या मागे, पार खाली असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, इथून मी दिसतच नाही की तुम्हाला."

मी म्हटलं, नाही दिसत. तेव्हापासून आमच्या पाळीला तो असला की चॉक लावून झाल्यावर दोन पावलं बाजूला होऊन मला दिसेल असा उभा राहतो, हात वर करतो, आणि मग हेडसेटवर बोलतो.

आपला,
एक एअरलाइन कॅप्टन